कंपवात

कंपवात : (पार्किन्सन रोग). मध्यमस्तिष्कातील डोपामीन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या तंत्रिका कोशिकांचा हळूहळू ऱ्हास झाल्यामुळे उद्भवणारा दीर्घकालीन विकार. विश्रांतीच्या अवस्थेत होणारा हातापायांचा कंप, हालचालींतील मंदपणा, स्नायूंची ताठरता व तोल सांभाळण्यातील अडचण ही त्याची प्रमुख लक्षणे होत. हा रोग बहुधा वयाच्या साठीच्या आसपास किंवा त्यानंतर दिसू लागतो. तथापि चाळिशीपूर्वीही तो झाल्याची उदाहरणे आहेत. पुरुषांत त्याचे प्रमाण स्त्रियांपेक्षा सु. दीडपट असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा रोग होता. तो संसर्गजन्य नाही. तो समूळ बरा करणारा उपाय अद्याप सापडलेला नाही. परंतु योग्य औषधयोजना, व्यायाम व घरातील जाणती शुश्रूषा यांच्या साहाय्याने रुग्णाला अनेक वर्षे हिंडते-फिरते व स्वावलंबी राहता येते.

इतिहास : चरकसंहितेत वातविकारांची जी गणना आहे तीत ‘वेपथु’ म्हणजे कंप याचा समावेश असून माधवनिदानातही त्याचे वर्णन आढळते. ‘कंपवात’ हे नाव याच परंपरेतून आलेले आहे. आधुनिक वैद्यकात या रोगाचे पहिले सुस्पष्ट वर्णन लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये एका निबंधात केले. त्यात सहा रुग्णांची हकीकत असून त्यांतील काही जण त्यांना केवळ रस्त्यात दिसलेले होते. पुढे फ्रेंच तंत्रिकावैज्ञानिक झां मार्तँ शार्को यांनी रोगाचा सखोल अभ्यास करून त्यास पार्किन्सन यांचे नाव दिले. फ्रेडरिक लेवी यांना १९१२ मध्ये रुग्णांच्या मेंदूतील कोशिकांत विशिष्ट गोलाकार पिंड आढळले, तर कॉन्स्टंटिन ट्रेटियाकॉफ यांनी १९१९ मध्ये मध्यमस्तिष्कातील कृष्णद्रव्य या भागाच्या ऱ्हासाशी रोगाचा संबंध जोडला. आर्व्हिड कार्लसन यांनी १९५० नंतरच्या दशकात डोपामीन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य असल्याचे दाखवून दिले (याच कार्यासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला), आणि १९६० मध्ये एहरिंगर व हॉर्निकेविच यांना रुग्णांच्या मेंदूत डोपामीनची मोठी कमतरता आढळली. जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ मध्ये लेव्होडोपा हे औषध तोंडावाटे, क्रमाक्रमाने वाढवीत मोठ्या मात्रेत देऊन उल्लेखनीय सुधारणा घडवून आणली. तेव्हापासून हे औषध चिकित्सेचा मुख्य आधार ठरले आहे.

विकृती : कृष्णद्रव्यातील कोशिकांत काळसर रंगद्रव्य असल्यामुळे त्या भागास हे नाव मिळाले आहे. या कोशिकांचे लांब तंतू मेंदूच्या खोल भागातील गुच्छिकांपर्यंत जातात व तेथे डोपामीन सोडतात. हालचाल सुरू करणे, ती सहज व प्रमाणबद्ध ठेवणे आणि नको असलेली हालचाल रोखणे यांसाठी डोपामीन आवश्यक असते. निरोगी माणसाला चालताना पावलांचा विचार करावा लागत नाही. कंपवाताच्या रुग्णास मात्र हीच सवयीची कृती प्रत्येक वेळी लक्ष देऊन करावी लागते. हालचालींची लक्षणे प्रथम दिसतात तेव्हा कृष्णद्रव्यातील कोशिकांचा बराच मोठा भाग आधीच नष्ट झालेला असतो. उरलेल्या कोशिकांत आढळणारे लेवी पिंड मुख्यत्वे आल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे असतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी २००३ मध्ये असे प्रतिपादन केले की, ही विकृती अनेकदा गंधग्रहणाचा भाग व मेंदूचा खालचा दांडा येथे आरंभ पावते व नंतर वर सरकते. वास कमी येणे, बद्धकोष्ठ आणि स्वप्नाच्या भरात झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे कंपाच्या आधी कित्येक वर्षे का दिसतात, याचा उलगडा या कल्पनेने होतो. तथापि सर्वच रुग्णांना हा क्रम लागू पडत नाही.

जोखीम वाढविणारे घटक : बहुसंख्य रुग्णांत रोगाचे एकच एक कारण दाखविता येत नाही. वार्धक्य, आनुवंशिकता व परिस्थितीतील घटक यांच्या एकत्रित परिणामामुळे तो होत असावा, असे मानले जाते.

वय हा यांतील सर्वांत प्रभावी घटक होय. आनुवंशिकतेचा पुरावा १९९७ मध्ये प्रथम ठोसपणे पुढे आला. इटलीतील एका मोठ्या कुटुंबात आल्फा-सिन्यूक्लिनच्या जनुकातील दोष त्या वर्षी सापडला. नंतर पार्किन, एलआरआरके-२, जीबीए इ. जनुकांतील दोषांचा संबंध उघडकीस आला. मात्र एकाच जनुकाच्या दोषामुळे रोग होणे हे एकूण रुग्णांपैकी थोड्यांच्या बाबतीत घडते. आईला किंवा वडिलांना हा रोग असला, तर मुलांना तो होईलच असे नाही. त्यांची जोखीम इतरांपेक्षा काहीशी अधिक असते इतकेच.

बाहेरील विषांचा प्रश्न १९८२ मध्ये एका अनपेक्षित घटनेने ऐरणीवर आला. कॅलिफोर्नियात चोरून बनविलेले अशुद्ध मादक द्रव्य टोचून घेतलेल्या काही तरुणांना अवघ्या काही दिवसांत तीव्र कंपवातासारखी अवस्था प्राप्त झाली. विल्यम लँग्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागे एमपीटीपी हे द्रव्य असल्याचे दाखविले. हे द्रव्य कोशिकांतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या कणिकांचे कार्य बंद पाडते. पॅराक्वाट या तणनाशकाची रासायनिक संरचना एमपीटीपीपासून शरीरात बनणाऱ्या विषासारखी असल्याने त्याकडे संशोधकांचे लक्ष वळले. रोटेनोन हे वनस्पतिजन्य कीटकनाशक उंदरांना दीर्घकाळ दिल्यास त्यांच्यात कंपवातासारखी विकृती निर्माण होते, हे २००० मध्ये दिसून आले. अमेरिकेतील आयोवा व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत कीटकनाशके हाताळणाऱ्या लोकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ११० रुग्णांची तुलना ३५८ निरोगी व्यक्तींशी केली असता पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरणाऱ्यांत रोगाचे प्रमाण सु. अडीचपट आढळले. याच अभ्यासगटाच्या २०१५ मधील निष्कर्षांनुसार नेहमी हातमोजे वापरणाऱ्यांमध्ये हा संबंध बराच क्षीण होता. फ्रान्सने २०१२ मध्ये शेतकऱ्यांतील कंपवातास कीटकनाशकांमुळे होणारा व्यावसायिक रोग म्हणून मान्यता दिली. ट्रायक्लोरोएथिलीन हा औद्योगिक विद्रावक व डोक्याला झालेली गंभीर इजा यांचाही जोखमीशी संबंध आढळला आहे. विहिरीचे पाणी दीर्घकाळ पिणे व ग्रामीण भागातील वास्तव्य यांच्याविषयीचे निष्कर्ष मात्र सर्वत्र सारखे नाहीत.

याउलट नियमित व्यायाम करणारे व कॉफी पिणारे लोक यांच्यात हा रोग काहीसा कमी आढळतो. धूम्रपान करणाऱ्यांतही तो कमी दिसतो. परंतु निकोटीन देऊन केलेल्या उपचारांचा रुग्णांना लाभ झालेला नाही आणि धूम्रपानामुळे होणारे कर्करोग व हृद्‌रोग पाहता त्याची शिफारस कोणीही करीत नाही. दोन गोष्टी एकत्र आढळणे व एक दुसरीचे कारण असणे यांतील भेद या उदाहरणावरून स्पष्ट होतो.

प्रसार : भारतातील सर्वांत उल्लेखनीय पाहण्यांपैकी एक मुंबईत झाली. नदीर भरूचा, एडी भरूचा व त्यांचे सहकारी यांनी मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० व्यक्तींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ४६ जणांना, म्हणजे लाखात सु. ३२८ जणांना, कंपवात असल्याचे आढळले. त्याच सुमारास काश्मीरमधील कुठार या ग्रामीण भागात केलेल्या पाहणीत हे प्रमाण लाखात केवळ १४ च्या आसपास होते. या दोन आकड्यांतील तफावतीवरून पारशी समाज या रोगास विलक्षण प्रवण आहे, असा निष्कर्ष घाईने काढता येत नाही. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, तर काश्मीरमधील त्या लोकसंख्येत मुले व तरुण यांचा भरणा अधिक होता. काश्मीरमध्येच केवळ साठ वर्षांवरील व्यक्तींचा विचार केला असता प्रमाण लाखात सु. २४७ पर्यंत गेले. जसजसे आयुर्मान वाढेल तसतशी रुग्णांची संख्याही वाढेल, हा या आकड्यांचा महत्त्वाचा अर्थ होय.

शेतीप्रधान भागातील प्रश्न : पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचे उदाहरण या संदर्भात घेण्यासारखे आहे. हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव महाळुंगे पडवळ हे आंबेगाव तालुक्यातच येते. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यामुळे या तालुक्यातील मोठे क्षेत्र बागायती झाले असून कांदा, बटाटा, टोमॅटो, ऊस व भाजीपाला ही पिके घेतली जातात. मंचर व नारायणगाव येथील बाजारांतून हा माल मोठ्या शहरांकडे जातो. अशा पिकांवर हंगामात पुनःपुन्हा फवारणी करावी लागते व ती बहुधा पाठीवरील पंपाने केली जाते. औषध पाण्यात कालविताना ते हातावर सांडणे, पंप गळून पाठ भिजणे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणे व तेच कपडे अंगावर ठेवून जेवणे या मार्गांनी विष त्वचेतून, श्वासातून व तोंडावाटे शरीरात जाते.

फवारणीमुळे होणारी तीव्र विषबाधा लगेच दिसून येते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात अशा विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा या प्रश्नाची देशभर चर्चा झाली. कंपवाताचा धोका याहून वेगळ्या स्वरूपाचा आहे. तो अल्प प्रमाणातील, पण वर्षानुवर्षे होणाऱ्या संपर्काशी निगडित आहे व त्याचे फळ वीस-तीस वर्षांनी दिसते. त्यामुळे फवारणीशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही. फवारणी करणाऱ्या प्रत्येकास हा रोग होतो असे नाही, किंबहुना बहुतेकांना तो होत नाही. तथापि रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व तोंडावर आच्छादन वापरणे, काठीने द्रावण ढवळणे, काम संपताच साबणाने अंघोळ करणे, फवारणीचे कपडे वेगळे धुणे आणि रिकामे डबे घरात पाण्यासाठी वा धान्यासाठी न वापरणे या साध्या गोष्टींनी तीव्र विषबाधा व दूरगामी जोखीम ही दोन्ही कमी होतात. ज्यावर माणसाला स्वतः नियंत्रण ठेवता येते असे जोखमीचे घटक फार थोडे आहेत. हा त्यांपैकी एक आहे.

लक्षणे व निदान : रोगाचा आरंभ बहुधा शरीराच्या एका बाजूस होतो. हात मांडीवर स्वस्थ असताना अंगठा व बोटे गोळी वळल्याप्रमाणे थरथरतात. कंपाची गती सेकंदास ४ ते ६ आंदोलने असते. हाताने काही काम करू लागताच कंप कमी होतो व झोपेत तो थांबतो. सु. एकचतुर्थांश रुग्णांत आरंभी कंप मुळीच नसतो. त्यांच्यात हालचालींचा मंदपणा हेच मुख्य लक्षण असते. सदऱ्याची बटणे लावणे, भाकरी थापणे, विळ्याने खुरपणे यांस वेळ लागू लागतो. अक्षर बारीक होत जाते, चालताना एक हात हलेनासा होतो, आवाज क्षीण होतो व चेहरा निर्विकार दिसतो. खांद्याचे दुखणे हेही कधीकधी पहिले लक्षण असते. पुढे पाठीस बाक येतो, पावले लहान पडतात आणि दारातून जाताना किंवा वळताना पाय जमिनीस चिकटल्यासारखे होतात. औदासीन्य, निद्रानाश, बद्धकोष्ठ, उभे राहताच रक्तदाब उतरणे व काहींत उत्तरकाळी स्मृतिभ्रंश ही लक्षणेही आढळतात.

ही लक्षणे इतक्या सावकाश वाढतात की, ती म्हातारपणाचीच मानली जातात. निर्विकार चेहऱ्यामुळे माणूस तुसडा झाला आहे, किंवा मंदपणामुळे तो आळस करीत आहे, असाही घरच्यांचा गैरसमज होतो. निदान प्रामुख्याने वैद्याने हालचाली काळजीपूर्वक पाहूनच केले जाते. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत हा रोग कळत नाही आणि मेंदूची प्रतिमा प्रायः इतर विकार वगळण्यासाठी काढतात. औषधांमुळेही कंपवातासारखी अवस्था निर्माण होऊ शकते. उलटी थांबविण्यासाठीचे मेटोक्लोप्रमाइड, चक्करेसाठीची सिनॅरिझीन व फ्लुनॅरिझीन आणि मनोविकारांवरील हॅलोपेरिडॉलसारखी औषधे यांस कारणीभूत होतात. ती वैद्याच्या सल्ल्याने बंद केल्यावर बहुतेकांची लक्षणे काही महिन्यांत ओसरतात. म्हणून रुग्णाला सुरू असलेली सर्व औषधे वैद्यास दाखविणे आवश्यक असते.

चिकित्सा : डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा शिरू शकते व तेथे त्याचे डोपामीनमध्ये रूपांतर होते. हे रूपांतर मेंदूबाहेरच होऊ नये म्हणून त्याबरोबर कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड देतात. लेव्होडोपा व कार्बिडोपा यांच्या संयुक्त गोळीचा समावेश भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत केलेला आहे. काही वर्षांनंतर एका मात्रेचा परिणाम लवकर ओसरू लागतो व कधी अनैच्छिक हालचाली उत्पन्न होतात. तेव्हा मात्रा लहान करून अधिक वेळा देतात किंवा इतर औषधांची जोड देतात. निवडक रुग्णांत मेंदूच्या खोल भागात विद्युत्‌अग्र बसवून उद्दीपन करतात. ग्रनोबल येथील आलिम लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये ही पद्धत प्रचारात आणली. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे ही शस्त्रक्रिया होते. तिने लक्षणे कमी होतात, परंतु रोगाची वाढ थांबत नाही.

खाजकुइली (कवचबीज) या वेलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते. ही वेल सह्याद्रीच्या परिसरात कुंपणांवर व झुडपांत आढळते. तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे काढल्याचे वृत्त दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. मुंबईतील अशोक वैद्य, नोशीर वाडिया व इतरांनी कंपवातावर या बियांचा उपयोग करून १९७८ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात बियांच्या चूर्णाचा परिणाम प्रचलित गोळीपेक्षा लवकर सुरू झाल्याचे दिसले. तथापि बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण कमीजास्त असते. गोळीबरोबर चूर्ण मनाने घेतल्यास मात्रा अकारण वाढते. म्हणून ते वैद्याच्या देखरेखीशिवाय घेणे योग्य नाही.

शुश्रूषा : या रोगात औषधाची वेळ ही मात्रेइतकीच महत्त्वाची आहे. गोळी ठरलेल्या वेळी, शक्यतो जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. दूध, डाळी, अंडी, मांस यांतील प्रथिने आतड्यातून शोषले जाताना लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. प्रथिने वर्ज्य करावयाची नसून गोळी व जेवण यांत अंतर ठेवावयाचे असते. गोळी एकाएकी बंद केल्यास तीव्र ताप व ताठरता येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. महाळुंगे पडवळसारख्या गावातून तंत्रिकातज्ञाकडे जाण्यासाठी बहुधा पुणे गाठावे लागते. मंचरपासूनच पुणे सु. ६० किमी. दूर आहे. अशा ठिकाणी गोळ्या संपण्यापूर्वी पुढील साठा आणून ठेवणे हा शुश्रूषेचा पहिला भाग ठरतो.

पडणे हे रुग्णालयात दाखल होण्याचे एक मोठे कारण असते. वाटेतील सामान हलविणे, उंच उंबरठ्यावर ठळक रंगाची पट्टी मारणे, न्हाणीघरात व शौचालयात आधाराचा दांडा बसविणे, रात्री मंद दिवा ठेवणे व सैल चपला टाळणे यांमुळे ते बरेच टळते. पाय अडले असता रुग्णास ओढू नये. त्यास थांबू द्यावे, जमिनीवरील रेघ ओलांडण्यास सांगावे किंवा टाळीने ठेका द्यावा. बाहेरून मिळालेल्या ठेक्यावर पाय पुन्हा उचलले जातात. भजनाच्या तालावर पावले टाकण्याचा सरावही याच तत्त्वावर उपयुक्त ठरतो. पुण्यात हृषीकेश पवार या नर्तकांनी रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविले आहेत. जेवताना ताठ बसणे व लहान घास घेणे आवश्यक असते, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा फुप्फुसदाह हे या रोगातील मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. भरपूर पाणी व तंतुमय आहार यांनी बद्धकोष्ठ कमी होते. मोठ्याने वाचण्याने आवाज टिकण्यास मदत होते. रुग्णाचे काम त्याच्यासाठी उरकून टाकण्यापेक्षा त्यास पुरेसा वेळ देणे अधिक हितावह असते.

शुश्रूषेचा भार बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी यांच्यावर पडतो. तो वर्षानुवर्षे चालत असल्याने त्यांच्या विश्रांतीची व्यवस्था हाही उपचाराचाच भाग समजावयास हवा. मुंबई येथे २००१ मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ या संस्थांनी रुग्ण व शुभंकर यांच्या सभा, व्याख्याने, व्यायाम व परस्परभेटी यांद्वारे या क्षेत्रात मोलाचे कार्य केले आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय अधिनियमात कंपवाताचा समावेश असल्याने पात्र रुग्णास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिन ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो.

फलानुमान : रोगाची गती प्रत्येक रुग्णात निराळी असते. कंप हे मुख्य लक्षण असलेल्यांत तो बहुधा सावकाश वाढतो; आरंभीच तोल जाऊ लागल्यास गती अधिक असते. उपचार घेणारे अनेक रुग्ण निदानानंतर पंधरा-वीस वर्षे व त्याहूनही अधिक काळ जगतात. ही वर्षे कशी जातील हे रोगाइतकेच निदान वेळेवर होणे, औषध नियमितपणे मिळणे व घरातील माणसांनी रुग्णाची अवस्था जाणून घेणे यांवर अवलंबून असते.